प्रुफावरचं ‘सरी’

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. चामराजपेटेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आधी वडिलांचा, मग अण्णाचा छापखाना होता. पायानं चालवायचं छपाईचं एक ट्रेडल, भिंतीला टेकवलेल्या, शिशाच्या अक्षरांच्या म्हणजे खिळ्यांच्या केसेस आणि कोपऱ्यात फुकट गेलेल्या पानांचा ढीग. त्या पानांची कोरी बाजू ही माझी वही आणि छापलेली बाजू हे माझं पुस्तक. शाळेतल्या मुलींचा ‘क’ कमळाचा होता, माझा कामगाराचा. त्यांचा ‘ब’ बदकाचा, माझा ‘बंधूंनो’चा, कारण प्रत्येक पत्रक त्याच हाकेनं सुरू व्हायचं.

“बंधूंनो म्हणजे कोण रे?” मी एकदा अण्णाला विचारलं.

“सगळे.”

“मीसुद्धा?”

“तू तंगी,” तो म्हणाला आणि शाईच्या बोटानं त्यानं माझ्या नाकाला टिकली लावली.

तंगी म्हणजे धाकटी बहीण. शब्द कन्नड आहे. आमचं घर मराठी, पण म्हैसूर मुलखात इतक्या पिढ्या गेल्या की मोठा भाऊ अण्णा झाला, मोठी बहीण अक्का झाली, ‘थोडं’चं ‘स्वल्प’ झालं आणि ‘ठीक आहे’चं ‘सरी’. आई मी चार वर्षांची असताना गेली, वडील त्यानंतर तीन वर्षांनी. अण्णा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. त्यानं लग्न केलं नाही. लाल बावट्याचा पक्ष, छापखाना आणि मी, एवढंच त्याचं जग आहे असं मी धरून चालले होते. ‘तंगी’ ही हाक या जगात माझ्या एकटीची होती आणि मला तेवढं पुरत होतं.

पंधराव्या वर्षापासून मी प्रुफं वाचू लागले, मराठी आणि कन्नड दोन्ही. आमच्याकडे एक रीत होती. वाचणाऱ्यानं प्रुफाच्या तळाला निळ्या पेन्सिलीनं ‘सरी’ लिहायचं आणि आपलं आद्याक्षर टाकायचं. ते असल्याशिवाय कागद ट्रेडलवर चढायचा नाही. एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावाऐवजी त्याच्या थोरल्या भावाचं नाव गेलं होतं, तेव्हापासून वडिलांनी ही रीत घातली होती. ‘सरी’ लिहिलेली प्रुफं खिडकीशेजारच्या तारेला टोचून ठेवली जायची. त्या तारेवर वर्षानुवर्षं माझंच आद्याक्षर होतं. मला त्याचा किती अभिमान होता हे सांगायला नको.

साठ साली निपाणीहून एक तरुण आला. त्याची आई तंबाखूच्या वखारीत काम करायची. तो मॅट्रिक झालेला, सगळं शिक्षण मराठीत, कन्नड बोलायला बाजारापुरतं. पक्षातल्या कुणाची तरी चिठ्ठी घेऊन आला, चार दिवस राहतो म्हणाला आणि राहिलाच. कागदाच्या रिमांशेजारी त्याची वळकटी पडली. मी त्याला कधी नावानं हाक मारली नाही. मनातल्या मनात तो निपाणीवाला.

माणूस वाईट नव्हता. हेच तर माझं दुखणं होतं. ट्रेडलवर तासन्‌तास पाय मारायचा आणि वर बोलत राहायचा. गिरणीच्या दारात उभा राहिला की पाच मिनिटांत त्याच्याभोवती कोंडाळं जमायचं. मी उत्तम पत्रकं लिहायचे, पण ती वाचून कुणी कधी माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. त्याच्या खांद्यावर सगळे ठेवायचे. अण्णासुद्धा.

सकाळी वर्तमानपत्र आलं की आधी आतलं पान काढून अण्णा मला द्यायचा. अग्रलेख असायचा तिथं. त्या वर्षी ते पान दोन तुकड्यांत फाटायला लागलं, एक मला, एक त्याला, आणि अग्रलेखाचा तुकडा कुणाकडे जातो याकडे माझं लक्ष असायचं. लहानपणापासून अण्णाच्या सायकलचं कॅरिअर माझं होतं. एका रविवारी मी साडी सावरत बाहेर आले तर कॅरिअरवर निपाणीवाला पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेला. “तू बसनं ये, तंगी,” अण्णा म्हणाला. मी बसनं गेले. सगळ्या वाटेत मी समतेवर एक लेख मनात लिहीत होते, आणि त्यातली दुष्ट माणसं सायकलच्या कॅरिअरवर बसलेली होती.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. मला सहन झाली नाही ती हाक.

निपाणीकडे मित्राला भावा म्हणतात. त्यानं येताना तो शब्द वळकटीतून आणला आणि महिन्याभरात तो अण्णाच्या तोंडी बसला. “ए भावा, स्वल्प इकडे ये.” “भावा, शाई मुगीत का बघ.” मुगीत म्हणजे संपली. अण्णाच्या वाक्यात कन्नड कुठं संपतं आणि मराठी कुठं सुरू होतं हे बाहेरच्या माणसाला कळायचंच नाही. निपाणीवाल्याला तर मुळीच नाही.

त्यात आणखी एक भर. कन्नडमध्ये ‘भाव’ म्हणजे भाऊ नव्हे. ‘भाव’ म्हणजे मेहुणा, बहिणीचा नवरा. आणि अण्णाला बहीण एकच होती.

आमच्याकडे दूध घालणारी बाई एका सकाळी मापटं हातात घेऊन थांबली. आत अण्णा ओरडत होता, “भावा, ऊठ!”

“काय अक्का,” ती मला म्हणाली, “भाव घरात राहायलासुद्धा आला? आम्हाला लाडू नाही, काही नाही?”

मी दूध न घेता दार लावलं. अण्णाला सांगितलं, तर तो ट्रेडलला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. हसणं थांबल्यावर म्हणाला, “अगं, शब्दच आहे तो.” छापखान्याच्या मालकानं असं म्हणावं! निपाणीवाल्याला आम्ही दोघांनीही तो विनोद सांगितला नाही. अण्णानं संकोचानं, मी रागानं.

मग बासष्टचा ऑक्टोबर आला आणि चीननं सरहद्द ओलांडली.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. बायका बांगड्या काढून देत होत्या, शाळकरी मुली लोकरीचे मोजे विणत होत्या, रेडिओपाशी माणसं उभी राहून जेवत होती. आमच्या घरात मात्र आणखी एक युद्ध होतं. आम्ही ज्या पत्रकांवर वाढलो त्यांत तीन देश एका ओळीत असायचे. सोव्हिएत रशिया सगळ्यांत पुढे, मग चीन, मग आपण, हातात हात घेतलेले. त्यांतल्या दोघांनी एकमेकांवर गोळी झाडली होती, आणि आम्ही सगळे तिसऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो.

तिसऱ्याचं तोंड उघडलं तेव्हा त्यातून काय निघालं? जिकडेतिकडे एकच बोललं जाऊ लागलं: मॉस्कोच्या लेखी चीन हा भाऊ आहे आणि भारत हा मित्र आहे. दोघांनी भांडू नये. चीननं ज्या अटी घातल्यात त्यांवर भारतानं बोलणी करायला बसावं.

मी तो शब्द वाचला आणि हातातला पेपरचा तुकडा खाली ठेवला. मित्र! मित्राला ओसरीवर बसवतात, कॉफी देतात, पोचवायला फाटकापर्यंत जातात. भाऊ आत जेवायला बसतो. पंधरा वर्षं आम्ही त्या देशाच्या नावानं घोषणा दिल्या, उन्हातान्हात पत्रकं वाटली, त्यानं लढाऊ विमानं द्यायचं कबूल केलं तेव्हा या विमानांच्या कारखान्याच्या गावात आम्ही पेढे वाटले. आणि ऐन वेळी आम्ही कोण? मित्र. शेजारणीच्या पोराला आईनं मांडीवर घेतलेलं बघून जे वाटतं तेच मला एका अख्ख्या देशाच्या वतीनं वाटलं. त्या भावनेला मी तत्त्व म्हटलं. तेव्हा माझा त्यावर विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर आजही बराचसा आहे.

“मोठ्या देशाला सगळं उघड बोलून चालत नाही,” अण्णा म्हणाला. “तिकडे क्यूबावरून अमेरिकेशी त्याचं टोकाला गेलंय. अशा वेळी भावाला दुखवायचं कसं? आतून तो पेकिंगला आवरत असेल.”

“असेल की आहे?”

“असेल.”

“मग मित्राला आतून काय सांगतोय? मार खा, पण हळू ओरड?”

“अक्का, तसं नव्हं ओ,” निपाणीवाला म्हणाला. “दोघांत पडणाऱ्यानं एकाची बाजू घेतली की मग त्याचं कोण ऐकतंय? गल्लीत भांडण लागलं तर म्हातारं माणूस आधी दोघांना गप करतंय. कुणाचं चुकलं ते मागनं.”

“मागनं म्हणजे कधी? एकाचं डोकं फुटल्यावर?”

“माझ्या आईनं अशी लई भांडणं मिटवल्यात.”

“तुमच्या आईनं मिटवली असतील. त्यांच्याकडे तोफा नव्हत्या.”

अण्णा हसला. कुणाच्या बाजूनं हसला ते मला कळलं नाही, म्हणून त्याच्याच बाजूनं हसला असं मी धरलं.

पत्रक काढायचं ठरलं. मी एका बैठकीत लिहिलं. मथळा होता ‘मित्रा, स्पष्ट बोल!’ त्यात मी म्हटलं होतं की जो बलवान आहे त्याचं मौन हे मौन नसतं, ते मत असतं. शांततेची भाषा बोलणाऱ्यानं आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: पुढं कोण आलं? निपाणीवाल्यानं आपलं वेगळं लिहिलं, आणि चक्क कन्नडमध्ये. दोन वर्षं तो बाराखडी गिरवत होता हे मला माहीत होतं. इतकी मजल गेली असेल असं वाटलं नव्हतं. त्याचं पत्रक साधं होतं. युद्ध थांबवा, बोला, आणि ज्या महान देशाला दोघंही जवळचे आहेत त्यानं दोघांना एका पंगतीला बसवावं.

अण्णानं दोन्ही वाचली. मग आम्हाला समोर बसवून म्हणाला, “दोघांनी आपापल्या जागेवरून वीस-वीस पावलं मागं सरा. मधलं काहीतरी काढू.”

दोन्ही फौजांनी वीस-वीस किलोमीटर मागं जावं अशी चीनची अट तेव्हा पेपरात गाजत होती. तो विनोद होता. मला हसू आलं नाही.

“मी माझ्याच जागेवर आहे,” मी म्हणाले. “पुढं कोण आलं ते सांग.”

“तंगी, तुम्ही दोघंही माझेच आहात.”

“हे मॉस्कोही म्हणतंय.”

त्यानं दोन्ही कागद हातात तोलले. मग म्हणाला, “तुझं छापलं तर पक्षात फूट पडेल. याचं छापू. कामगारांना कळेल असं आहे.” आणि कागद कंपॉझिटरकडे दिला. माझा माझ्याकडे परत दिला, घडी घालून, नीट, दोन्ही हातांनी. पाहुण्याला निरोपाचं पान देतात तसा.

कंपॉझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे, वडिलांच्या वेळेपासूनचे एक कन्नड म्हातारे होते. मला ते अम्मा म्हणायचे. लेकीच्या वयाच्या मुलीलाही तिकडे मायेनं अम्मा म्हणतात. त्यांचा एक नियम होता. लिहिणाऱ्याची चूक ते स्वतः कधी सुधारत नसत, विचारत. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ओलं प्रुफ घेऊन माझ्यापाशी आले. अण्णा आणि निपाणीवाला कागद आणायला बाहेर गेले होते.

“अम्मा, ही ओळ बघ. ‘त्या महान देशाला एक भाव आहे आणि एक स्नेहित आहे.’ इथं भावच ना? पक्षाची भाषा मला काय कळते. सरी?”

मी बघितलं. निपाणीवाल्याला लिहायचं होतं भाऊ आणि मित्र. ‘स्नेहित’ त्यानं बरोबर शोधला होता. ‘भाव’ शोधायची त्याला गरज वाटली नसणार. तो शब्द दोन वर्षं रोज कन्नडच्या मधोमध अण्णाच्या तोंडून त्याच्या कानावर पडत होता. तो कन्नडच असणार असं त्यानं धरलं. अण्णा आपल्याला जे म्हणतो तेच त्यानं देशांना लावलं.

रशियाला एक मेहुणा आहे आणि एक मित्र आहे, असं ते वाक्य झालं होतं.

दोन खिळे काढून दुसरे तीन-चार घातले की झालं. एवढंच काम होतं. पण त्या शब्दात मला अण्णाची हाक ऐकू येत होती. ती चूक म्हणजे त्याच्या लाडाची पावती होती आणि ती छापून माझ्या हातात आली होती. मला वाटलं, जाऊ दे छापून. कळू दे सगळ्यांना, कामगारांना कळेल असं कोण लिहितं ते.

“सरी,” मी म्हणाले. निळी पेन्सिल घेऊन तसं लिहिलंही, आणि खाली आद्याक्षर टाकलं.

म्हाताऱ्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि जुळवलेल्या ओळींची गॅली उचलून ते ट्रेडलकडे गेले.

दोन दिवसांनी सकाळी पत्रकं बाजारात गेली. दहा वाजेपर्यंत चामराजपेट हसत होती. मी भाजी आणायला म्हणून गेले, खरं तर ऐकायला.

“रशियाची बहीण पेकिंगात दिलीय होय? आम्हाला आमंत्रण नव्हतं!” नारळवाला म्हणाला.

“म्हणूनच म्हटलं, तो चीनला एक शब्द का बोलत नाही,” भाजीवाली म्हणाली. “भावाला कोण बोलतंय बाबा? उद्या अक्का ट्रंक घेऊन दारात येईल.”

“आणि स्नेहित?”

“स्नेहित मार खाऊन घरी जातो. त्याचं काय?”

मीही हसले. मग चालता चालता थांबले. माझ्या दोन पानी पत्रकात जे मला नीट सांगता आलं नव्हतं ते या बाईनं मेथीची जुडी बांधता बांधता सांगून टाकलं होतं. मोठ्या देशाची मध्यस्थी, त्याची अडचण, आपली जागा, सगळं. ते त्याच्या चुकीमुळे तिला सांगता आलं होतं. म्हणजे तिथंही तोच. मला पुन्हा हेवा वाटला, आणि या वेळी त्याच्या चुकीचाच.

निपाणीवाला तेव्हा राजाजीनगरला होता, एका कारखान्याच्या फाटकावर. दोनची पाळी सुटली. तिथं आधी असंच हसणं झालं. मग गर्दीत कुणीतरी म्हणालं की तिकडे आपली पोरं बर्फात मरताहेत आणि हा चिन्यांशी सोयरीक सांगतोय. ज्याचा भाऊ सैन्यात असेल त्याला तो विनोद कसा पचावा? पत्रकं गटारात गेली. त्याच्या सदऱ्याची बाही खांद्यापासून सुटली, खालचा ओठ फुटला. पोलिसांनी त्याला बाजूला काढून दोन तास चौकीत बसवलं आणि सोडून दिलं. त्यांनाही हसू आवरत नव्हतं म्हणे.

पाचच्या सुमाराला तो चालत घरी आला. शब्दाचा अर्थ त्याला चौकीतल्या हवालदारानं समजावून सांगितला होता.

“चुकलं माझं, अण्णा,” तो दारातच म्हणाला. “मला वाटलं, तुम्ही म्हणता तेच कन्नड. विचारायला पाहिजे होतं.” आणि मग माझ्याकडे न बघता, “तुम्हाला गल्लीत लोक काय काय म्हणत असतील, अक्का. मला ठाऊकच नव्हतं. माफ करा.”

अण्णानं त्याला बाकावर बसवलं. मी पाणी आणलं. मी पाणी आणलं हे मी इथं मुद्दाम लिहिते, कारण तेवढंच मला सुचलं. म्हातारे आमच्याकडे पाठ करून वापरलेले खिळे पुन्हा केसमध्ये टाकत होते, टक, टक, आणि एकदम थांबले. अण्णा खिडकीशी गेला होता. तारेवरचं वरचं प्रुफ त्यानं काढलं.

“तंगी, हे ‘सरी’ तुझं आहे.”

“हो.”

“दिसलं नाही?”

सुटकेचं दार सताड उघडं होतं. नाही दिसलं, एवढं म्हणायचं होतं. म्हातारे काही बोलणार नव्हते, ते मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं. आणि त्यातून निपाणीवालाच म्हणाला, “राहिलं असंल ओ. एवढी बारीक अक्षरं. त्यांच्यावर कशाला?”

फुटक्या ओठानं तो माझी बाजू घेत होता. त्याची दया मला नको होती. सत्य बोलण्याचं धैर्य वगैरे माझ्यात आलं असं कुणी समजू नये. त्याचे उपकार घेण्यापेक्षा गुन्हा कबूल करणं मला सोपं वाटलं, इतकंच.

“दिसलं होतं,” मी म्हणाले.

अण्णानं प्रुफ उजेडाला धरलं.

“प्रुफ घेऊन त्यांनी मला विचारलंसुद्धा. मी सरी म्हटलं.” आणि मग माझ्यातली पत्रकं एकदम बोलू लागली. हे पत्रक मुळातच दुबळं होतं, त्यात आक्रमकाचं नाव नव्हतं, मध्यस्थाच्या नावाखाली बलवानाला सोयीचं बोलायचं आणि त्याला शांतता म्हणायचं...

“ते मला पाठ आहे,” अण्णा म्हणाला. आवाज चढला नव्हता. “तू त्या देशाला रोज एकच प्रश्न विचारतेस. आता मी तुला विचारतो. पुढं कोण आलं?”

समोरच्या रस्त्यानं एक बस गेली. खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

“मी,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. प्रुफ पुन्हा तारेला टोचलं. मग त्यानं मला नावानं हाक मारली. जन्मल्यापासून पहिल्यांदा. पूर्ण नाव, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. “उद्या शुद्धिपत्र काढायचं. तू स्वतः जुळवायचंस. आणि फाटकावर वाटायला तू जायचंस, त्याच्याबरोबर.” एवढं बोलून तो फुटक्या ओठासाठी हळद आणायला आत गेला.

मला जे हवं होतं ते काय होतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. त्या घरात ‘तंगी’ माझ्या एकटीची राहावी एवढंच. निपाणीवाल्याची हाक काढून घ्यायला निघाले आणि माझी गेली.

सकाळी मी खिळे जुळवायची स्टिक हातात घेऊन केसपुढे उभी राहिले. ‘भाव’ या शब्दाऐवजी काय वाचावे? कन्नडमध्ये भावाला काय शब्द कमी आहेत! मोठा तो अण्ण, धाकटा तो तम्म. सोदर आहे, सहोदर आहे. मी सहोदर निवडला, कारण तो भारदस्त होता. उलटी अक्षरं एकेक करून स्टिकमध्ये ठेवत होते आणि ‘द’वर आल्यावर माझं लक्ष गेलं. सहोदर. एका उदरातले. या शब्दानं बघितलं तर निपाणीवाला कितीही झालं तरी अण्णाचा कुणी नव्हता, आणि मी होते. छातीत एक गोड कळ उठली. लगेच तिची लाजही वाटली. शब्द बदलायला अजून वेळ होता. ‘सोदर’चे खिळे हाताशी होते. पण तोही शेवटी त्याच उदरातून आलेला. मी स्वतःला तसं समजावलं आणि ‘र’ ठेवला.

म्हाताऱ्यांनी प्रुफ काढलं आणि सवयीनं निळी पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी ती निपाणीवाल्याला दिली.

त्यानं बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचलं. ओठ सुजल्यामुळे त्याचा ‘भ’ नीट उमटत नव्हता.

“सहोदर म्हणजे?”

“भाऊ.”

“सख्खा?”

“सख्खाच.”

“मग हा आमच्या शब्दापेक्षा मोठा झाला की ओ, अक्का,” तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. त्यानं तळाला मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत ‘सरी’ लिहिलं आणि शेजारी आपलं आद्याक्षर घातलं. तारेवर माझ्या आद्याक्षराच्या वर ते टोचलं गेलं.

त्या मोठ्या देशाचा सूर पुढं बदलला. भावाशी त्याचं बिनसलं, मित्राला विमानं मिळाली. पासष्टच्या लढाईनंतर तर त्यानं आपल्याला आणि पाकिस्तानला ताश्कंदला एका टेबलाशी बसवलं, तेव्हा सगळ्यांनी त्याला मोठा मध्यस्थ म्हटलं. मीही टाळ्या वाजवल्या. पण बासष्टच्या ऑक्टोबरात विचारलेल्या माझ्या प्रश्नाला त्याच्याकडून तीन शब्दांचंही उत्तर आलं नाही. मी माझ्यापुरतं एका शब्दात दिलं होतं, आणि म्हणून तो प्रश्न विचारायचा हक्क मी अजून सोडलेला नाही.

त्या सकाळी ट्रेडलवर निपाणीवाला पाय मारत होता आणि मी शुद्धिपत्रं उचलून वाळत घालत होते. शंभरेक झाली असतील. आतून अण्णाची हाक आली. त्यात भावा नव्हतं, तंगी नव्हतं, माझं दाखल्यावरचं नावही नव्हतं.

“दोघं या रे, कॉफी निवतेय.”

निपाणीवाल्यानं चाक थांबवण्यासाठी हात पुढे केला. मी शाईचे हात पदरालाच पुसले आणि त्याच्या आधी आत पोचले.